अख्खं गाणं

नृत्य ही माझी साधना आहे, असं मी चाळीस वर्षं मुलाखतींत सांगत आले. ते छापूनही येत असे, शेजारी माझा हात जोडलेला फोटो. खरी गोष्ट अशी, की इतक्या वर्षांत मी एकही गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग नाचले नव्हते. सिनेमात तसं कोणी नाचतच नाही. डान्समास्टर आठ मात्रा मोजतात, तेवढं करायचं, ‘कट’ ऐकू आलं की थांबायचं. मग मेकअपवाले दादा येऊन रुमालाने घाम टिपतात, पावडर फिरवतात, आणि पुढच्या आठ मात्रा. एका गाण्याला चार-चार दिवस लागत. स्टेजवरही मुखडा माझा, मधलं सगळं ग्रुपच्या मुलींचं. याची मला कधी लाज वाटली नाही. खुर्ची एका दमात केलीस का, असं सुताराला कोणी विचारत नाही.

काम कमी झाल्यावर मी नाशिकला मुलीकडे राहायला आले. रेवा इथे कॉलेजात शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि चार दिवस ती शुद्धीवर नव्हती. मेंदूला सूज आहे, डॉक्टर म्हणाले. वय लहान आहे, वाट पाहू, असंही म्हणाले. आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी सुमनताई बसायच्या. त्यांचे यजमान आत होते. मखमलाबादच्या पुढे त्यांचा झेंडूचा मळा आहे. समोरच्या भिंतीवर सप्तशृंगीची तसबीर होती, तिला ताई येता-जाता हात जोडायच्या. मी नाही. दहा बोटांत आठ अंगठ्या घालून मुहूर्ताचा नारळ फोडणारे निर्माते मी इतके पाहिले होते, की त्या सगळ्या प्रकाराकडे मी लांबूनच बघत असे. चौथ्या दिवशी दुपारी एक नर्स आतून पळत बाहेर आली, दुसरी पळत आत गेली, आणि दोघींपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्याने मी बाकावरून उठले. मी तसबिरीसमोर जाऊन पुटपुटले, हिला उठव, मी तुझ्यापुढे अख्खं गाणं नाचेन. साडी, खण, नारळ, काहीही सुचायला हवं होतं. जे माझ्याजवळ कधी नव्हतं, नेमकं तेच मी देऊ केलं.

दुसऱ्या दिवशी रेवाने डोळे उघडले. औषध लागू पडलं, असं डॉक्टर म्हणाले आणि मला ते पटलं. घरी आल्यावर नवस मी सोयीने विसरले. मग श्रावणात एका सकाळी कणीक मळता मळता रेवा ओट्यापाशी कोसळली. हात वाकडे, दातखीळ, डोळे पांढरे. मिनिटभराचा झटका असेल, पण त्या मिनिटात मी पुरती म्हातारी झाले. अशा आजारानंतर झटके येऊ शकतात, गोळीचा डोस वाढवू, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. मला सगळं समजलं. तरीही त्या दिवसापासून भांडं पडलं की मी धावत जायचे, बाथरूममधलं पाणी थांबलं की दारावर थाप मारायचे. देव मानत नसले तरी देवाला घाबरता येतं, हे तेव्हा कळलं.

मी सुमनताईंना फोन केला. त्यांचे यजमान केव्हाच बरे होऊन मळ्यात हिंडत होते.

“नवस बोलून किती महिनं झालं?” त्यांनी विचारलं.

“आठ.”

“आठ? आन मंग बाई, जेवन कसं जातं तुमाला?” मग म्हणाल्या, “गडावर नका जाऊ, नवरात्रात गर्दी लय. आमच्या मळ्यात देवीचं ठाणं हाय. ती बी तीच.”

मी माझ्याच एका जुन्या सिनेमातलं देवीचं गाणं निवडलं आणि हॉलमध्ये खुर्चीची पाठ धरून सराव सुरू केला. गुडघे कुरकुरले, तरी ऐकत होते. पण तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मी दर वेळी थांबायचे. चित्रीकरणात तिथे दिवस संपला होता. पाय ‘कट’ची वाट पाहत उभे राहायचे, आणि गाणं पुढे निघून जायचं. महिनाभरात एकदाही मी ती जागा ओलांडली नाही. रेवाला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या जिवाची बोली मी माझ्या पायांवर लावली होती, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ललितापंचमीच्या सकाळी, नुसतं दर्शनाला म्हणून रेवाला घेऊन मळ्यावर पोचले, तर तिथे मांडव. बातमी फुटली होती. फलकावर माझा तीस वर्षांपूर्वीचा चेहरा, खाली ‘नृत्यसम्राज्ञी’, आणि माझ्यापेक्षा मोठा एका स्थानिक नेत्याचा चेहरा. नेत्यांनी माझ्या साधनेवर भाषण केलं. ते गाण्याच्या चौपट चाललं. तेवढा वेळ मी पहिल्या रांगेत बसलेल्या रेवाच्या हातांकडे बघत होते. ते जरा थरथरत होते, की मला तसं दिसत होतं, कोण जाणे.

मग गाणं लागलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी मी थांबले. स्पीकर पुढे गात राहिला. समोर देवीचा शेंदूर लावलेला दगडी तांदळा, त्याचे चांदीचे डोळे माझ्यावर. बायका टाळ्या वाजवायच्या थांबल्या. रेवा अर्धवट उठली, आणि मला वाटलं, आता ही पडणार. इतकी भीती मला आयसीयूच्या दारातही वाटली नव्हती. आपल्या हातात आता काही उरलेलं नाही, हे मी तेव्हा मनोमन कबूल केलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

तेवढ्यात बायकांतून सुमनताई उठल्या, सरळ माझ्यासमोर आल्या, पदराने त्यांनी माझं कपाळ, डोळे, गाल टिपले आणि बाजूला झाल्या. घाम पुसला की पुढचा शॉट, एवढं माझ्या पायांना चाळीस वर्षं पाठ होतं. ते उचलले गेले. उरलेलं गाणं मी नाचले की कोणी नाचवून घेतलं, मला सांगता येणार नाही. गाणं संपलं तेव्हा मी तांदळ्यापुढे गुडघ्यांवर होते आणि रेवा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आपल्या पायांवर.

नंतर शेंगा सोलताना मी ताईंना विचारलं, “तुम्हाला कसं कळलं, घाम पुसायचा ते?”

“कुकू डोळ्यात उतरत व्हतं. म्हटलं, आता बाई धडपडतीया.”

“पण मी मधे थांबले. अख्खं झालं म्हणायचं का?”

“देवी काय घड्याळ लावून बसली व्हय? फुलं तोडताना आमी बी पाणी प्यायला थांबतो. मंग ती काय अर्धीच तोडली म्हनायची?”

त्या पदरामागे कोण होतं, यावर मी वाद घालत नाही. घालणाऱ्यांना चहा देते. माझी इतकीच समजूत झाली आहे, की आपण पुरे पडत नाही तिथे थांबावं लागतं, आणि तिथेच कोणीतरी येऊ शकतं. ते कबूल करायला मला फार उशीर लागला, त्याबद्दल देवीची माफी मागितली आहे आणि रेवाचीही.

त्यानंतर रेवाला झटका आलेला नाही. वाढवलेली गोळी ती सकाळ-संध्याकाळ घेते. नवस फिटला म्हणून ती बंद करायची नाही, असं डॉक्टरांच्या आधी सुमनताईंनी बजावलं.