मच्छिंद्रचे साडेचार सेंटिमीटर

मच्छिंद्र माझ्या दौंडच्या घरामागच्या खोलीत बारा वर्षं राहिला. गाव निमोणे, काम कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात, तिन्ही शिफ्ट. बायको-मुलं गावी. सुट्टीवरून येताना मेथीची जुडी आणायचा, माझ्यासमोर ठेवायचा आणि न बोलता आत जायचा. बोलका नव्हताच. त्याला पर्मनंट करण्यासाठी वडिलांनी, आप्पांनी, किती जणांचे उंबरे झिजवले, एवढं मात्र तो सांगे.

यंदा घशात काहीतरी अडकतंय म्हणून डॉक्टरांनी त्याला मानेची सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट शनिवारी आला, डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. यानं तो स्वतःच वाचला. थायरॉईडपुढे लिहिलेलं, एका बाजूला साडेचार सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला थोडं कमी. झालं. गळ्यात दोन गाठी, आणि त्या कारखान्यातल्या वासानं झालेल्या. थायरॉईड बायकांना होतो, पुरुषाला झाला म्हणजे प्रकरण गंभीर, हेही त्यानंच ठरवलं. आप्पांना फोन केला. आप्पा म्हणाले, काम सोड, घरी ये. रविवारी तो खोली रिकामी करतो म्हणून सांगायला आला, तेव्हा मला हे कळलं.

मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. असलं ऐकून मला गप्प बसवत नाही. थायरॉईड हा रोग नव्हे, ग्रंथी आहे, बाईला असते तशी बुवालाही असते, हे आधी सांगितलं. श्वासनळीला बिलगलेल्या दोन पाकळ्या, प्रत्येकी चार ते सहा सेंटिमीटर लांब, मध्ये अरुंद पट्टी. सगळ्याचं वजन पंधरा ते पंचवीस ग्रॅम, म्हणजे एखाद्या पेढ्याएवढं. त्याच्या हातातला रिपोर्ट घेऊन पाहिला, गाठ कुठेच नाही. रिपोर्टच्या शेवटी तसं लिहिलंही होतं. पण ती ओळ सगळ्यांनाच छापून देतात, अशी याची समजूत.

"घसा का अडकतो ते उद्या डॉक्टरांना विचार. पण तुझी ग्रंथी अगदी मापात आहे," मी म्हटलं.

वाटलं, हसेल. तो खाली बघत बसला.

"मग आता गावाला कसा जाऊ, बाई?"

"म्हणजे?"

"आमच्याकडं धडधाकट माणूस पर्मनंट सोडून घरी येत न्हाई. आजारी पडला तरच येतो."

बारा वर्षांत जे त्याला तोंडानं मागता आलं नव्हतं, ते त्या साडेचार सेंटिमीटरनं एका दिवसात मिळवून दिलं होतं. ते मी काढून घेतलं होतं. पण खोटं बोल असं काही मी सांगणार नव्हते.

"आप्पांना दोन्ही सांग," म्हटलं. "गाठ नाही हेही, आणि तुला यायचंय हेही."

त्यानं पायरीवर उभं राहूनच फोन लावला. रिपोर्ट चांगला असल्याचं सांगितलं. पलीकडचा आप्पांचा सुस्कारा मला दारात ऐकू आला. मग ते बरंच बोलले, थोडं देवाचं, बाकी कामावर परत जाण्याचं. मच्छिंद्रनं सगळं ऐकून घेतलं.

"आप्पा," तो म्हणाला, "तरीबी मी येणार हाय."

पलीकडचा आवाज थांबला. मच्छिंद्रनं फोन कानालाच धरून ठेवला, आणि मीही जागची हलले नाही.