रुखवताच्या कुरडया आणि माझी पितळी गिटार

आमच्या घरात माझ्या गिटारीला ‘डब्बा’ म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत.

ही गिटार लाकडाची नाही, हे आधी नम्रपणे सांगितले पाहिजे. ती अंगभर पितळेची, वर निकेलचा मुलामा, आणि पोटात धातूची एक पातळ वाटी, जिच्यामुळे विजेशिवायही तिचा आवाज अख्ख्या गल्लीत पोहोचतो. तिरोडीच्या खाणीतल्या कोण्या जुन्या साहेबाच्या बंगल्यातून मोडीत निघालेली ही दुर्मीळ वस्तू मी घरी आणली, तेव्हा माझी पत्नी कुंदा दारातच म्हणाली, “अजी, याच्यात पाणी किती मावते?”

त्या क्षणापासून समस्त बालाघाटच्या कानांविषयी माझ्या मनात एक सौम्य, सुसंस्कृत तुच्छता वसतीला आली. (ती मी कधी बोलून दाखवली नाही. मी हळू बोलतो. गिटार हळू बोलत नाही.) मी वाजवायला बसलो की शेजारच्या पटलेबाई खिडकी लावून घेत, आणि ती लावल्याचे मला कळावे इतक्या जोराने! कटंगीहून येणारा मेहुणा तर पहिल्या सुरालाच परतीच्या बसची वेळ विचारी. अडाण्यांपुढे कला मांडण्याचे दुःख मी मुकाट्याने सोसत राहिलो.

आणि या उन्हाळ्यात आमच्या लेकीचे, रश्मीचे, लग्न तुमसरला ठरले.

तुमसरची मंडळी मांडवात शिरली की आधी रुखवतातल्या कुरडया पाहतात, नवरीकडे मागाहून, असे कुंदाचे ठाम मत. त्यामुळे घरात गव्हाचा चीक शिजू लागला, गच्चीवर जुनी धोतरे अंथरली गेली, आणि पहिल्याच दुपारी कुंदा आपण होऊन म्हणाली, “अजी, तुमचा डब्बा गच्चीवर नेऊन वाजवा न.”

“गच्चीवर? या उन्हात?”

“हौ. मोकळ्या हवेत आवाज कसा मस्त फिरते. आन् जोरानं वाजवा, लाजू नका!”

संसाराची इतकी वर्षे उलटल्यावर! मी भारावलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. सावली सरकली, मी सरकलो नाही. मे महिन्यात पितळ काय करते ते मांडीला लवकरच कळले. पण साधनेत चटके बसायचेच, म्हणून मी फक्त मध्ये उशी घेतली.

दुसऱ्या दिवशी पटलेबाई त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, “भाऊजी, आज बजाना नहीं है क्या?”

“बसतोच आहे.”

“मंग जरा आमच्या साईडले तोंड करून वाजवा न! कल हमारी तरफ आवाज कम आया.”

मी तोंड फिरवले. मागच्या गल्लीतून निरोप आला, ‘उन्हं कलेपर्यंत थांबू नका, भरदुपारीच सुरू करा.’ कोणी ताकाचा तांब्या धाडला. मी धुतलेला कुर्ता घालून बसू लागलो. मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितले, “लोकांची अभिरुची घडवावी लागते. मी घडवली.”

तो म्हणाला, “भाऊजी, ऊन लय आहे. टोपी घालत जा.”

शेवटी रश्मीलाच राहवले नाही. पन्ह्याचा पेला हाती देत ती म्हणाली, “बाबा, तुम्हाले कोणीच नाही सांगितलं?”

“काय?”

“वांदरं, बाबा! कुरडया खायले येतात ना. फटाके से भी नहीं डरते. तुम्ही वाजवलं की सिधे चौकापर्यंत भागतात.”

मी आत्मपरीक्षण केले. (ते मला चटकन जमते, सुधारणा जमत नाही.) शहाण्या माणसाने गिटार खाली ठेवली असती. मी ठरवले, आता असे वाजवायचे की याच लोकांनी ते वाजवणे म्हणून ऐकावे! आतल्या खोलीत दार लावून मी सराव सुरू केला. रश्मीला लहानपणी निजवताना माझी आई जी अंगाई म्हणायची, ती.

शेवटचा घाणा खास रुखवताचा होता. ताटाएवढ्या कुरडया, गुलाबी, हिरव्या, पांढऱ्याशुभ्र. “लक्ष ठेवा,” असे बजावून कुंदा पटलेबाईंना घेऊन खाली पापड लाटायला गेली.

मी डोळे मिटून अंगाई छेडली. काय सांगू! त्या पितळातून त्या दिवशी पहिल्यांदाच खणखणाटाऐवजी सूर निघाला. पोर सासरी जायची होती, ते बहुधा बोटांना कळले असावे. गल्ली स्तब्ध झाली. एकही खिडकी लागली नाही. समोर श्रोते श्वास रोखून बसल्याचा मला भास होऊ लागला.

तो भास नव्हता. डोळे उघडले तर कठड्यावर ओळीने वांदरे बसलेली! लेकुरवाळी, म्हातारी, सहकुटुंब. प्रत्येकाच्या हातात कुरडई. शांतपणे चावत माझ्याकडे पाहत होती. एकानेही बसची वेळ विचारली नाही.

“हाड,” मी म्हणालो. पण मी हळू बोलतो. त्यांना तो अंगाईचाच पुढचा भाग वाटला असावा.

कुंदा धावत वर आली. धोतरावर उरलेला गुलाबी चुरा पाहून मटकन खाली बसली.

“काय वाजवत होते, अजी?”

“अंगाई. रश्मीची.”

“खाली ऐकू येत होती. मी आन् पटलेबाई लाटणं ठेवून ऐकत बसलो.” तिने पदराने डोळे पुसले आणि कडाडली, “पन मी म्हंते, इतकं चांगलं वाजवाले तुम्हाले आजचाच दिवस भेटला काय?”

नवा चीक काढायला वेळ उरला नव्हता. लग्नात रुखवताच्या मधोमध, कुरडयांच्या जागी, चिंचेने घासून लखलखीत केलेली माझी गिटार मांडली गेली. तुमसरच्या विहीणबाई तिच्यापुढे थबकल्या. त्यांनी ती बोटाने वाजवून पाहिली, वाकून आत पाहिले आणि आदराने विचारले, “काऊन जी, याच्यात पाणी किती मावते?”

कुंदाने माझ्याकडे पाहिले. पोरीच्या संसाराचा प्रश्न होता.

“एक घागर भरून,” मी हळूच म्हणालो. “आणि गळत नाही.”