वहिनीचा डांगराचा वेल

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकींपाशी नाही. तुम्ही माझे कोण? कुणी नाही — म्हणून तर सांगता येतंय.

चौथी शिकलेली बाई मी. सजवून सांगायला येत नाही.

लढाईची वर्षं होती. लष्कराच्या गाड्या धुरळा उडवत नगरच्या छावणीकडे जायच्या. आमच्या गावात उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळालं तरी पुष्कळ, बागेला कोण घालणार? पण थोरल्या भावाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि तिने चर खणून न्हाणीचं सांडपाणी घरामागच्या परड्यात वळवलं. येताना पदराच्या टोकाला गाठ मारून तिने डांगराचं बी आणलं होतं. डांगर म्हणजे तांबडा भोपळा. बी तिच्या आईचं. आई त्याच वर्षी गेली होती, माहेरी दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी आठ-नऊ वर्षांची. बी खोचल्यापासून रोज उठले की आधी परड्यात. एके सकाळी माती फुगली, तडकली, आणि त्यातून एक वाकलेली मान वर आली. डोक्यावर बियाचं टरफल, टोपी घातल्यासारखं. मी ओरडलेच. एवढ्याशा चपट्या बियात हे कुठे बसलं होतं? एवढं वय झालं, मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

वहिनी फुलं दाखवायची. "हा नवरा, ही नवरी. हिच्या बुडाला बघ, सटवी लेकरू घेऊनच आलीया." मग नवरा फूल खुडून नवरीला लावायची, "वाजीव की गं वाजंत्री," म्हणायची, आणि मी तोंडाने पिपाणी वाजवायची. वेल गोठ्याच्या छपरावर चढला. एक डांगर तिने बियाण्याला राखलं. "ह्येला कुनी हात लावायचा न्हाई. आईचं बी हाय."

त्या काळी बाईला महिन्याचे चार दिवस बाहेर बसावं लागे. तिची सावली पडली तर वेल जळतो, असं सगळे मानायचे. वहिनी नाही. "वेलाला काय कळतंय? त्याला पानी पायजे," माझ्या कानात म्हणायची. पण पाळायची. पुढच्या पडवीत पोत्यावर बसायची, आणि ते चार दिवस वेल माझ्या हवाली.

तिनेच एकदा सांगितलं होतं — जेवढा वेल वर, तेवढाच खाली. ते माझ्या डोक्यातून जाईना. खाली काय असेल? खालीही डांगरं लागली असतील?

ती अशी बाहेर बसलेली असताना एका दुपारी सगळे निजले होते. मी खुरपं घेतलं आणि बुडाशी खणलं. वर माती भाजत होती. हातभर खाली ती गार, ओली. आणि मुळं — पांढरी, केसासारखी बारीक, सगळी न्हाणीच्या अंगाला वळलेली. पाणी कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलं? मी बघतच राहिले. देवळातही माझं मन तसं कधी थांबलं नाही. अजून बघावं म्हणून खुरपं खोल घातलं. काहीतरी कट्‌कन तुटलं. तुटल्या जागी पाण्याचा थेंब उभा राहिला.

मी माती लोटली. पायाने दाबली. हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी पानं लोंबली. संध्याकाळीही उठली नाहीत. आई पडवीत येऊन वहिनीवर कडाडली.

"गेलीस ना मागं? लई शानी तू! जाळलास ना वेल?"

"न्हाई हो आत्याबाई, वेलाकडं न्हाई गेले."

"मग काय आपूआप जळला?" आई माझ्याकडे वळली. "तू हुतीस ना परड्यात? ही आल्ती का?"

"व्हय," मी म्हटलं. "पानावरनं हात फिरवला तिनं."

आईने एवढंच विचारलं होतं, आल्ती का. हात फिरवल्याचं मी माझ्या पदरचं घातलं. का घातलं?

आईने भावाला चर बुजवायला लावला. राखलेलं डांगर कोवळंच उतरवलं. आत बी होतं, पण पोकळ, नुसती सालं. वहिनीने तेही वाळवलं, पुढच्या वर्षी गुपचूप लावलं. मी रोज जाऊन बघत होते. माती फुगली नाही.

मग पुष्कळ वर्षं गेली. एकदा माहेरी गेले होते, आम्ही दोघी चहा घेत बसलो होतो. वहिनीची नात दारातल्या कढीपत्त्याकडे निघाली, तशी वहिनी ओरडली, "लांब हो! ह्या दिवसांत झाडाजवळ जाऊ नगं. माझ्यापायी एक वेल गेलाय." मग मला म्हणाली, "हात न्हाई लावला गं मी. पर उजाडताना परड्यावरनं गेल्ते, सावली पडली आसंल. तू ल्हान हुतीस, तुला हात लावल्यागत दिसलं आसंल."

पोर मागे फिरली.

मी बशीतला चहा संपवला. वहिनी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खोटं बोलले तेव्हा मी लहान होते. तो चहा प्यायले तेव्हा नव्हते.