गौरीच्या वाटेवरचे पेव्हर

लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला मी अंगणातल्या फरश्यांना शेंगतेल लावलं. मी निपाणीची, आणि माझ्या मते फार हुशार. माहेरी आई स्वयंपाकघरातल्या काळ्या कडाप्प्यावर तेलाचा बोळा फिरवायची, तो आरशासारखा चमकायचा. मग अंगणातल्या फरश्यांनीच काय घोडं मारलं होतं? भर भाद्रपदात, बेळगावच्या पावसात, मी अख्खी बुधली रिकामी केली.

संध्याकाळी सासूबाई तुळशीपासून गौर घेऊन निघाल्या, कुंकवाच्या पावलांवर पाय ठेवत. भुरभुर सुरू झालेली. उंबऱ्याच्या अलीकडं त्या सरकन खाली बसल्या. मुखवटा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला. मी दारात रिवाजानं विचारत होते, गौर कशाच्या पावलांनी आली? उत्तर असतं, सोन्याच्या. सासूबाई खालूनच म्हणाल्या, "तेलाच्या."

आता तिथं फरश्यांऐवजी सिमेंटचे ठोकळे, म्हणजे पेव्हर, आहेत, आणि गौर आणायचा मान माझ्याकडं. गेल्या साली गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं तो हुकला. यंदा हुकवायचा नाही, एवढं मी ठरवून टाकलंय.

सून उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी करते, प्रत्येक गोष्टीचा आधी विचार करते. शेवाळ धरलं की तुम्ही घसराल, त्यापेक्षा पेव्हरला सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, मारून घेऊ, असं तिनं सुचवलं. दुकानातून ती दोन नमुने घेऊन आली, एक चकचकीत, एक बिनचकाकीचा. मला अर्थातच चकचकीत आवडला. अक्कल गुडघ्यात असती तर गुडघ्याबरोबर नवी बसवून मिळाली असती. तसं काही झालं नाही.

पण या वेळी बुधली रिकामी करण्याआधी थांबले. परसात नळाजवळ दोन पट्टे मारून बघितले. वळीव नुकताच पडून गेलेला. दुसऱ्या दिवशी चकचकीत पट्ट्यावर पाणी ओतून, सुनेचा दंड धरून अनवाणी उभी राहिले, तर पाय आपसूक पुढं निघाला. बिनचकाकीच्या पट्ट्यावर पांढुरका थर आलेला. पेव्हरमधली ओल वाळलीच नव्हती, ती आतच अडकली. शेजारच्या कोऱ्या पेव्हरवर मात्र पाय घट्ट बसला.

मग आमचं ठरलं. गाडीच्या छपराखाली तेलाचे डाग पडतात, तिथं पेव्हर पुरते वाळल्यावर सीलर मारायचा. तुळशीपासून उंबऱ्यापर्यंतची वाट कोरीच ठेवायची. खचलेले पेव्हर उचलून पाणी साचणार नाही असे बसवायचे, आणि शेवाळ दिसलं की खराट्यानं घासायचं.

घासायचं काम मी मागून घेतलं. पावसाळाभर उघडीप मिळाली की एका हातात काठी, एका हातात खराटा. सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर ठेवायची. मला कळत नाही असं तिला वाटतं. काल मी काठी तुळशीला टेकवली आणि तशीच उंबऱ्यापर्यंत चालत आले. पेव्हर ओले होते. ती पीठ माखल्या हातांनी दारात आली, माझ्या पायांकडं बघत राहिली, आणि तिच्या बेळगावी बोलीत म्हणाली,

"आत्या, यंदा गौर तुमीच आणा. मी मागनं येतो. पर शेंगतेल त्या दिवशी माझ्या कपाटात, कुलपात."