डेअरीतलं जुनं पॅकेज

इंद्रजीतनं सणसवाडीची नोकरी सोडली ती गावात काहीतरी करून दाखवायचं म्हणून. न्हावऱ्याजवळच्या त्याच्या वाडीतल्या दूध डेअरीत त्यानं लिनक्सचा कॉम्प्युटर बसवला आणि दुधातलं फॅट मोजायचं नवं मशीन त्याला जोडलं. दर रविवारी तो अपडेटची कमांड द्यायचा. सगळी पॅकेजेस, म्हणजे आतले प्रोग्राम, अद्ययावत आहेत, असं पडद्यावर आलं की त्याला बरं वाटायचं. "आपल्याकडं सगळं ताजं असतं," तो लोकांना सांगायचा.

वाडीत सगळ्यांच्या गायी. म्हैस एकट्या साळूबाईची. तिचा गोठा पोपटच्या गोठ्याला लागून, म्हणून रांगेतही ती कायम त्याच्या मागं. नवं मशीन आल्यापासून तिच्या दुधाला गायीएवढंच फॅट लागू लागलं. म्हशीच्या दुधाला एवढं कमी फॅट म्हणजे पाणी, यात कुणालाच शंका नव्हती.

"वहिनी, नळ गोठ्यातच घेतलाय जनू!" पोपट म्हणाला. रांग खदखदून हसली.

"लेकीची आन, थेंबभर पानी न्हाई," साळूबाई म्हणाली. "इंद्रजीत, तुझं मशीन तरी बघ की बाबा."

"मशीन खोटं कशाला बोलंल, काकी?"

चेअरमन आप्पांनी सगळ्यांसमोर दम दिला: पुन्हा असं दिसलं तर दूध बंद. ही बातमी तिच्या लेकीच्या सासरी, भांडगावपर्यंत गेली.

मग एका सकाळी इंद्रजीतच्या लक्षात आलं, की पोपटचा आणि साळूबाईचा आकडा दशांशापर्यंत एकच आहे. त्यानं जाळीमागं ठेवलेल्या मशीनवरच जाऊन पाहिलं. तिथं साळूबाईचं सात होतं, पडद्यावर साडेतीन. घट्ट दुधाला मशीन जरा जास्त वेळ घ्यायचं. तेवढं थांबणं मशीनचा आकडा पडद्यावर आणणाऱ्या प्रोग्रामला जमत नव्हतं, तो आधीच्या माणसाचाच आकडा पुन्हा दाखवायचा.

प्रोग्राम बनवणाऱ्यानं ही चूक कधीच सुधारली होती. पण सुधारलेली आवृत्ती लिनक्सच्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोग्रामच्या भांडारात, आणून ठेवणारा माणूस काम सोडून गेला होता, आणि त्याच्या जागी कुणी आलंच नव्हतं. त्या भांडारात जे सगळ्यात नवं, तेच इतकं जुनं. इंद्रजीतची कमांड फक्त भांडाराशी ताडून बघायची. त्यानं स्वतः त्यापलीकडं कधी पाहिलं नव्हतं.

घाईघाईनं त्यानं नवी आवृत्ती थेट बनवणाऱ्याकडून उतरवून बसवली. संध्याकाळी साळूबाईला सात फॅट लागलं.

त्यानं तोंड उघडायच्या आत आप्पाच रांगेला म्हणाले, "बघा! दम दिला आन् पानी बंद."

"आप्पा, चूक प्रोग्रामची होती. जुना होता तो."

"जुना? दर रविवारी ताजा करतूस न्हवं?"

"परत जुना घालून दाखवतो. लगेच साडेतीन येईल."

आप्पांनी चष्मा काढला. "म्हंजी आकडा पायजे तसा खालीवर करता येतो तुला? आन् आजवर आमचं किती फिरवलंस? ऊठ. आजपास्नं कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई."

साळूबाईनं रिकामा कॅन उचलला. "ऱ्हाऊ दे, बाबा. दुरुस्त करायच्या आदी बोलला असतास तर..." ती घराकडं वळली.

पाण्याचा ठपका काही पुसला नाही; त्याच आठवड्यात तिनं म्हैस लेकीकडं धाडली. टेम्पोच्या फळीवर म्हैस अडली, तेव्हा मागून रेटायला पोपटच धावला. इंद्रजीतही पुढं झाला, तर साळूबाईनं हातानंच त्याला थांबवलं.