पंख्याला पंखा

पंख्याला पंखा लागतो, हे मी या वयात ऐकलं. खेळाच्या यंत्राच्या पोटात आधीच एक पंखा गरगरत असतो, आणि त्याला गार ठेवायला बाहेरून दुसरा विकत आणून लावायचा! मग आतलाच धड का नाही बसवत, मेल्यांनो? पण विचारणार कोणाला? बनवणारे कुठे भेटत नाहीत, विकणारे ऐकून घेत नाहीत, आणि आमचे हे तर काय, हेच!

हे म्हणजे माझे यजमान. उभं आयुष्य शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. यांच्या गाडीत कधी कोणाच्या पिशवीतलं अंडं फुटलं नाही, असं डेपोत सगळे म्हणायचे. ब्रेक असा लावायचे की झोपलेलं पोर जागं होऊ नये. घरी मात्र शब्द टाकताना ब्रेक नाही, ते सोडा.

एका सकाळी ड्यूटी घ्यायला रांगेत उभे होते, तिथेच खाली कोसळले. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला दिवा मधूनच जातो, पुन्हाही जाईल, गोळ्या घ्या आणि स्टेअरिंगला हात लावू नका. झालं! डेपोने समारंभ केला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हात जोडले. ज्या माणसाला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोटो काढत होते म्हणून गप्प राहिले.

त्यानंतर हे नुसते खिडकीत बसायचे. जेवायला हाक मारली तर चौथ्या हाकेला उठायचे. लेकीला ते बघवेना. तिने आणि जावईबापूंनी त्यांच्याकडचं टीव्हीला जोडायचं जुनं खेळाचं यंत्र आणून लावलं. सोबत खरं वाटावं असं स्टेअरिंग, पायाशी ब्रेक आणि पडद्यावर बस चालवायचा खेळ. मी लेकीला फाडफाड बोलले. "बापाला खेळणी देतेस? पाळण्यातच घालून ठेव ना मग!"

पण यांनी स्टेअरिंगवर हात ठेवला, आणि बाई गं, पाठ ताठ झाली यांची! दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालायचा, आरसा बघायचा आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. दारावर एक पत्र्याची पाटी ठोकली. मोडीत निघालेल्या बसमधून आणली होती: 'गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.' आणि ती शोभेची नव्हे हं! एकदा चहा विचारायला दार उघडलं, तर मान न वळवता म्हणाले, "पाटी वाचता येते ना?" अस्सा राग आला! पण त्यांच्या आयुष्यभराचा नियम तो. तेव्हापासून दुपारभर त्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही. स्वयंपाकघरात बसून बसच्या दारांचा फुस्स आवाज ऐकायचा आणि भाजी निवडायची, एवढंच.

मग ते यंत्र बंद पडायला लागलं. आवाज थांबायचा. बऱ्याच वेळाने हे बाहेर यायचे, चेहरा उतरलेला, केस घामाने चिकटलेले. "तापलं," म्हणायचे. "भर रस्त्यात बंद पडलं. गाडी भरलेली होती गं." यांच्या लेखी जगात जे काही बंद पडतं ते तापूनच बंद पडतं. मिक्सर तापला, रेडिओ तापला, शेजारीणबाईही तापल्यामुळेच बोलत नाही. एक दिवस हे बाहेर आल्यावर आत जाऊन बघते तर काय, यंत्रावर ओलं पोतं! इंजिन तापलं की टाकतात ना, तस्सं. मी किंचाळतच ते ओढून काढलं. "अहो, विजेवर चालतं ते! मरायचंय का?" तर मलाच म्हणतात, "तुला गाड्यांमधलं काय कळतं?"

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या गल्लीत एक टेम्पोवाला आहे. माल पोचवायला त्याला माणूस हवा होता, आणि तो कधीपासून यांच्या मागे लागला होता. "काका, फक्त बाजारापर्यंत हो. तुम्ही तर डोळे मिटून चालवाल." डोळे मिटून! त्या मेल्याला काय ठाऊक तो काय बोलतोय! हे आजवर नको म्हणत होते. त्या दिवशी यंत्र पुन्हा बंद पडलं, हे पायांत चपला अडकवून निघाले आणि टेम्पोची किल्ली खिशात घालून परत आले.

"खोटी गाडी रोज बंद पडते," म्हणाले. "खरी तरी पडत नाही. सोमवारपासून जातो मी."

मी भांडले. रडले. डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणे त्या दिवशी ऊन होतं. गोळ्या घेताय का विचारलं, तर म्हणे त्यांनी सुस्ती येते. आणि ज्या रस्त्याने टेम्पो जाणार, त्याच रस्त्याने शाळेतली पोरं चालत येतात हो! शेवटी हात टेकले आणि म्हटलं, "यंत्र नीट चाललं तर किल्ली परत द्याल?"

"एक फेरी पुरी होऊ दे, त्याच दिवशी देतो."

यांनी शब्द दिला की दिला. म्हणून मी, जिला ते यंत्र डोळ्यांसमोर नको होतं, ती त्याच्यासाठी पंखा निवडायला निघाले.

जावईबापूंना फोन लावला. ते म्हणाले, मागे चिकटवायचा मिळतो, तो घ्या. घेतला. तो यंत्रातूनच वीज ओढायचा आणि असा घरघरायचा की बस नव्हे, पिठाची गिरणी चालली आहे असं वाटावं. यंत्र बंद पडलंच. मग दुकानदाराने दुसरा गळ्यात मारला. हा खाली ठेवायचा, त्याच्यावर यंत्र उभं करायचं. त्याला निळे-जांभळे दिवे! गार करायला दिवे कशाला? म्हणे, दिसायला छान. अरे, माझ्या घरात माणूस जीवावर उदार झालाय आणि तू दिसायला छान काय सांगतोस? यंत्र बंद पडलंच.

तिसऱ्यांदा मी तयारीने गेले. वर्तमानपत्राच्या कागदावर यंत्राची पाठ रेखून घेतली होती. वारा आत कुठून जातो, गरम हवा बाहेर कुठून पडते, तिथे तिथे भोकं कापून. कागद काउंटरवर पसरला आणि म्हटलं, "यातलं एकही भोक बुजणार नाही, दिवे नसतील आणि वीज भिंतीतून घेईल, असा पंखा काढा." दुकानात त्या दिवशी एक पोरगी होती. कागद बघून हसली नाही, हे कबूल करायला हवं. साधा काळा पंखा काढून दिला, हवा बाहेर खेचणारा. मग म्हणाली, "काकू, एक विचारू? हे यंत्र तापलं तर बंद पडायच्या आधी पडद्यावर तशी सूचना येते. तुमच्याकडे येते का?"

"मला काय माहीत?"

"नाही, कारण थोडा वेळ कशालाच हात लागला नाही, तरी ते आपोआप झोपतं, पडदा काळा होतो. वीज वाचावी म्हणून. कोणी खेळताना मधेच उठून जातं का?"

डोक्यात तिडीकच गेली माझ्या. "अगं, ड्रायव्हर आहेत ते! भरलेली गाडी सोडून उठून जातील? पंखा बांध मुकाट्याने!" बिचारीने पंखा बांधून दिला.

घरी येऊन पंखा लावला. यांना म्हटलं, "आज मी आत बसणार. पंख्यापायी माझे एवढे हेलपाटे झालेत, फेरी पुरी होताना मला बघायचीय." यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "प्रवासी म्हणून बस. बोलायचं नाही."

मागे स्टुलावर बसले. यांनी शर्टाची कॉलर सरळ केली, दारं लावली आणि गाडी काढली. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असं चालवत होते. वळणावर माझासुद्धा तोल सांभाळला गेला असं वाटलं. थांबे येत होते, माणसं चढत होती, पंखा हलकेच वाहत होता. मनात म्हटलं, सुटले बाई.

मग एका थांब्यावर माणसं हात करून उभी होती, आणि गाडी थांबली नाही.

हे आणि थांबा सोडतील? रागावले असतील माझ्यावर, असं वाटलं. बोलायची सोय नव्हती. पुढे रस्ता वळला, गाडी वळली नाही. कठड्याला जाऊन भिडली आणि चाकं तशीच फिरत राहिली. तरी मी तोंडावर हात धरून गप्पच होते. कसला तो नियम आणि कसली मी! शेवटी उठून पुढे गेले. डोळे उघडे होते यांचे. पण बघत नव्हते. हात मांडीवर पडलेले, ओठ नुसते हलत होते. मी मान सावरून धरली, हाका मारल्या. हळूहळू डोळे मिटले आणि हे माझ्या अंगावर रेलून झोपी गेले. कितीतरी वेळ मी तशीच उभी होते. माझ्यासमोर पडदा आपोआप काळा झाला. सूचना नाही, काही नाही.

जागे झाले, घाम पुसला, पडद्याकडे पाहिलं. "बघितलंस?" म्हणाले. "पुन्हा तापलं."

मी यांचा हात धरला आणि तळवा यंत्रावर टेकवला. उभी हयात या तळव्याने इंजिनं चाचपली आहेत. त्याला खोटं सांगता येत नाही.

"गार आहे," म्हणाले.

"गारच आहे."

"म्हणजे रोज..."

"रोज. दार लावलेलं असायचं ना!" मला रडू फुटलं, आणि रडतानाही मी ओरडतच होते. "बोलू नये म्हणे! बोलू नये!"

यांनी हात यंत्रावरून काढला नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "गाडीत माणसं होती?"

"मी होते."

यांनी खिशातून टेम्पोची किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि गोळ्यांची पट्टी कुठे आहे ते विचारलं. तो पंखा मेला अजून आपला वाहतच होता. मी जाऊन त्याची वायर भिंतीतून उपटून काढली.