वास्तुशास्त्राप्रमाणे बांधलेली पिकअप

पिकअपवर बांधलेली खोली विकत घ्यायची आहे, हे मी घरात पहिल्यांदा बोलले तेव्हा आमचे हे गुलाबाच्या जुड्या बांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “कुणासाठी?” एवढंच विचारलं. “माझ्यासाठी,” म्हटलं. मग मात्र त्यांनी हातातला दोरा खाली ठेवला आणि माझं डोकं ठिकाणावर आहे ना, याची चौकशी केली.

ठिकाणावरच होतं. नुकतीच मी नोकरीतून निवृत्त झाले होते. जन्मभर कंडक्टर होते, लाल गाडीवर. नाशिकहून हरसूल, पेठ, सुरगाणा, देवळा, सटाणा. जिल्ह्यातला असा रस्ता नसेल जिथं मी उभ्यानं तिकिटं दिली नाहीत. लोकांना वाटतं, हिनं सगळा मुलूख पाहिला असेल. साफ खोटं. कंडक्टर गाव बघत नाही, उतारू बघतो. गावात पोचायचं, स्टँडवर चहा घ्यायचा, वेळ झाली की घंटी मारून परत फिरायचं. गाव बघायला मिळतं ते मुक्कामी गाडीवरच्या माणसांना. शेवटची गाडी रात्री गावातच थांबते आणि सकाळी तीच शहराकडे निघते, ती मुक्कामी. तिच्यावरचे ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच पथारी टाकतात. कुणी जेवायला बोलावतं, सकाळी कुणी आंघोळीला गरम पाणी देतं. आमच्या डेपोत बाईला मुक्कामी गाडी द्यायची नाही असा रिवाज होता. मी मागितली होती. साहेब म्हणाले, “ताई, तुमच्याच सोयीसाठी आहे हे.” माझी सोय मला न विचारता ठरवणारा माणूस भेटला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हरसूलच्या बाजाराला मी अगणित वेळा गेले असेन, पण बाजार उठल्यावर ते गाव कसं दिसतं, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून ही खोली हवी होती. हॉटेल नको, मुलाची गाडी नको, कुणाच्या घरची पाहुणचाराची गादी नको. संध्याकाळी एखाद्या गावात जाऊन थांबायचं आणि सकाळी तिथंच उठायचं, एवढंच. गाडी चालवायलाही मी याचसाठी शिकले. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “काकू, या वयात कशाला त्रास घेता?” लायसन मिळाल्यावर मी त्याला पेढे दिले, पण प्रश्नाचं उत्तर काही दिलं नाही.

आमची फुलं पंचवटीच्या बाजारात नेणाऱ्या गाडीवाल्याकडून कळलं, की देवळ्याजवळच्या एका शेतकऱ्यानं जुन्या पिकअपवर झोपायची-रांधायची खोली बांधून घेतली होती आणि आता त्याला ती विकायची आहे. हे म्हणाले, “मीपण येतो. तुला कुणी गंडवायला नको.” त्यांच्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. गाडीत खोट सापडेपर्यंत ते बघणार आणि सापडली की मला घेऊन घरी येणार.

गाडी कांद्याच्या चाळीशेजारी उभी होती. पांढऱ्या पत्र्याची खोली, दोन्ही अंगांना जाळीच्या खिडक्या, उजव्या अंगाला दार आणि दारावर गणपतीची फरशी, घरावर बसवतात तशी. मला बघताक्षणी आवडली, पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

मालक बोलका होता, मात्र बोलत होता ह्यांच्याशी. मी विचारायचं, “खोलीची नोंद आर.सी.वर केली आहे का?” तो ह्यांना सांगायचा, “समदं कायदेशीर हाय, नाना.” मी विचारायचं, “मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवलेत का?” तो ह्यांना सांगायचा, “दोन्हीकडं जास्तीचा पाटा टाकलाय, वजन झेपाया पाहिजे ना.” आणि गुलाबापलीकडे कशातलंही काही न कळणारे आमचे हे गंभीरपणे मान डोलवायचे. शेवटी मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. “भाऊ, गाडी मी घेणार आणि मीच चालवणार. ह्यांना फक्त स्कूटर येते.” त्यानंतर तो आम्हा दोघांच्या मधल्या हवेशी बोलायला लागला. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

पोतं अंथरून मी गाडीखाली शिरले. कांदा वाहिलेली गाडी खालून बघावी लागते, कारण सडक्या कांद्याचं पाणी हौद्याच्या फटींतून गळत राहतं आणि पत्रा खातं. बोटानं टोकरून पाहिलं. एका कोपऱ्यात पापुद्रे निघाले, बाकी लोखंड ठणठणीत होतं. खोली हौद्याला ज्या नटबोल्टनी आवळली होती ते एकेक हलवून पाहिले. मग शेतातला पाण्याचा पाइप मागितला, मालकाला छतावर पाणी सोडायला लावलं आणि दार लावून आत बसले. खिडकीच्या वरून बारीक धार आली. बाहेरून ह्यांनी विचारलं, “गळतं ना?” आवाजात केवढा आनंद! “गळतं,” मी म्हटलं, “बुजवून घेईन.” आडवी होऊन पाहिलं, पाय पुरले. उभी राहून पाहिलं, अंबाडा छताला टेकला. अंबाडा खाली बांधता येतो, छत वर नेता येत नाही, तेव्हा मी अंबाडा खाली बांधला.

“आता चालवा,” मी मालकाला सांगितलं. “मी मागं उभी राहते.”

“पडशील,” हे म्हणाले.

मी म्हटलं, चालत्या गाडीत काही न धरता उभं राहून जन्म गेला माझा, मला शिकवू नका. आणि पडले. शेतरस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात मी सरळ शेगडीवर जाऊन आदळले. उठले, पाय फाकवून उभी राहिले, तर पुन्हा उजवीकडेच. कोपर सोलून निघालं. गाडी थांबल्यावर मी खाली उतरले ती फार रुबाबात नव्हे.

“भाऊ, ही गाडी उजवीकडे कलते. का?”

मालकानं आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि जरा अभिमानानंच म्हणाला, “ताई, समदं वास्तुशास्त्राप्रमाणं बांधलंय.”

मला आधी समजेचना. मग त्यानं हात करून करून समजावलं. खोली बांधली तेव्हा शेडमध्ये गाडीचं तोंड उत्तरेकडे होतं. दार पूर्वेला हवं, म्हणून दार उजवीकडे. पाणी ईशान्येला, म्हणून टाकी पुढच्या उजव्या कोपऱ्यात. अग्नी आग्नेयेला, म्हणून शेगडी आणि सिलिंडर मागच्या उजव्या कोपऱ्यात. झोपताना डोकं दक्षिणेला, म्हणून पलंग डाव्या भिंतीलगत आणि उशी मागे. बांधणारा द्राक्षांच्या गाड्यांचे हौदे बांधणारा होता, त्यानं सांगितलं तसं करून दिलं. शास्त्र तंतोतंत पाळलं गेलं होतं. फक्त सगळं वजन एका अंगाला आलं होतं आणि दार रस्त्याच्या बाजूला. गाडी कडेला लावून उतरलं, की पाऊल थेट मागून येणाऱ्या गाडीपुढे.

“आणि गाडी वळली की?” मी विचारलं.

“चालताना काय नाय, ताई. मुक्कामाला लावायची तवा तोंड उत्तरेकडं करायचं, की समदं जागेवर येतं.”

मी हसायला लागले ती थांबेचना. कोपर ठणकत होतं तरी हसत होते. हे मात्र हसले नाहीत. त्यांना हवं ते सापडलं होतं. पिशवी उचलून ते म्हणाले, “चला, झालं बघून. शेवटची गाडी मिळेल अजून.”

“कुठं झालं? झोपून बघायचं राहिलंय.”

“मघाशी झोपलीस की!”

“ते आडवं होणं झालं. खोली घ्यायची म्हणजे रात्र काढून बघायला नको?”

त्या दिवसात पहिल्यांदा मालकाचं आणि ह्यांचं एकमत झालं. मालक म्हणाला, मुक्काम करा, आनंदच हाय, पण घरात एवढी जागा असताना बाहेर कशाला? ह्यांनी मला चाळीआड नेलं. “घरात काय कमी आहे तुला?” त्यांनी विचारलं. “बाईमाणसानं असं उघड्यावर, पत्र्याच्या डब्यात झोपायचं? उद्या कुठल्या रानात थांबशील, कोण येईल, कोण जाईल. अगं, मी काळजीपोटी बोलतोय.”

ते खरंच काळजीपोटी बोलत होते आणि म्हणूनच मला जास्त राग आला. साहेबही काळजीपोटीच बोलले होते. मला आयुष्यात रागानं कुणी अडवलं नाही, सगळ्यांनी काळजीनं अडवलं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. काळजी करणाऱ्याचे आभार मानायचे आणि निमूट घरी जायचं, हे मी उभा जन्म केलं होतं आणि आता मला ते करायचं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, “काळजी करा, नको म्हणत नाही. पण ती तुमच्याजवळ ठेवा. मी आज गाडीत झोपणार.”

जेवणं झाली. ह्यांना मालकाच्या घरात पंख्याखाली गादी मिळाली आणि ते रुसून भिंतीकडे तोंड करून झोपले. मी गाडीत चढले आणि आतून कडी लावली.

उजाडल्यावर मालकीणबाई चहा घेऊन आल्या. आदल्या दिवशी त्या फक्त वाढायला पुढे आल्या होत्या, एक शब्द बोलल्या नव्हत्या. आत आल्या, पलंगावर टेकल्या आणि चादरीवरून हात फिरवत म्हणाल्या, “कशी शे गाडी, ताई?”

“चांगली आहे. दार चुकलंय.”

“तेच तर!” त्या एकदम सरसावून बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोघं या गाडीतून एकदाच बाहेर पडले होते. वाटेत चहाला थांबले, त्या दारातून उतरल्या आणि ट्रॅक्टरची ट्रॉली पदराला घासून गेली. “मी म्हनलं, दार तिकडून घ्या. तर म्हने, मावळतीला दार बरं नाय. मंग मी बी हट्टाला पेटले. दार हालत नाय तवर चढनार नाय म्हनलं.” दार हललं नाही, त्या चढल्या नाहीत आणि गाडी विकायला निघाली. माझ्या हातातला कप घेऊन त्या उठल्या, पण उतरल्या नाहीत. “तुमी दार हलवनार ना?”

“हलवणार.”

“मंग मला एकदा न्या. कुठं बी.”

“हो,” मी म्हटलं. त्या लगबगीनं उतरल्या आणि उतरताना आधी दोन्हीकडे पाहिलं, अंगणातसुद्धा.

मग मालक आला, त्याच्या मागून हेही आले. मी गाडी स्वतः हायवेपर्यंत नेऊन आणली. क्लच जड होता, ब्रेक चांगले होते. उतरल्यावर मी माझ्या अटी सांगितल्या. दार डाव्या अंगाला, पलंगाच्या पायथ्यापुढच्या जागेत कापून द्यायचं, पाण्याची टाकी केबिनच्या पाठीशी मधोमध आणायची, गळती बंद करायची, मगच सौदा.

मालक कळवळला. “ताई, डावीकडं दार म्हंजे मावळतीला आलं!”

“मी तोंड दक्षिणेकडे करून लावीन. मग उगवतीला येईल.”

त्यानं बोट हवेत फिरवून दिशा लावून पाहिल्या. “मंग शेगडी वायव्येला जाती.”

घरातून मालकीणबाईंचा आवाज आला, “जाऊ द्या की! चहा तिथं बी उकळतो.”

तेव्हा मात्र आमचे हे हसले, चांगले खळखळून हसले. मालकानं एकदा घराकडे पाहिलं, एकदा गाडीकडे आणि दार कापून द्यायला तयार झाला. हे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “आता खरं सांग. झोप लागली का रात्री?”

नव्हती लागली. पत्रा तापलेला होता, डासांनी फोडून काढलं होतं आणि रात्रभर मी पलंगावरून उजवीकडे घरंगळत होते. कुत्र्यानं दार खरवडलं तेव्हा तर कडी धरून बसले होते. भीतीही वाटली. हे सगळं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, कारण खोटं बोलून मला ती गाडी घ्यायची नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडी आशा दिसायला लागली.

“मग घेतेस कशाला?” ते म्हणाले.

“झोपच हवी असती,” मी म्हटलं, “तर घरीच राहिले असते की.”